कोळशाच्या बॉयलरमधला नॉक्स कसा उतरवावा

नॉक्सचा (नायट्रोजनच्या ऑक्साइड वायूंचा) आकडा चढला की कंट्रोल रूममध्ये पहिला हात ऑक्सिजनच्या सेटपॉइंटकडे जातो. अर्धा टक्का ऑक्सिजन कमी केला, आकडा उतरला, शिफ्ट सुटली. त्याचा परिणाम नंतर दिसतो: फ्लाय अ‍ॅशमध्ये न जळलेला कार्बन वाढतो, वॉटरवॉलवर (भट्टीच्या पाण्याच्या नळ्यांच्या भिंतीवर) क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, धरतो आणि पुढच्या ओव्हरहॉलमध्ये ट्यूबची जाडी कमी भरते. हे टाळायचे असेल तर क्रम पाळावा लागतो. आधी मोजणी, मग कोळसा दळणारी मिल, मग हवेचे वाटप, त्यानंतर ओव्हरफायर एअर, म्हणजे बर्नरच्या वरून दिलेली हवा. एवढे करूनही आकडा बसत नसेल तरच युरिया किंवा अमोनिया. नागपूरजवळच्या कोराडी, खापरखेडा आणि मौदा इथल्या वीजकेंद्रांतल्या युनिटांचे कोळसे आणि बॉयलर वेगवेगळे असले तरी हा क्रम सगळीकडे हाच ठेवावा.

मर्यादा काय आहेत ते आधी बघू. पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनुसार २००३ अखेरपर्यंतच्या युनिटांना ६०० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर, २००४ ते २०१६ मधल्यांना ३०० आणि २०१७ पासूनच्यांना १०० अशी मर्यादा ठरली. ऑक्टोबर २०२० मध्ये मधल्या गटाची मर्यादा ३०० वरून ४५० झाली. म्हणजे खापरखेड्याची जुनी २१० मेगावॅटची युनिटे ६०० च्या गटात येतात आणि तिथलेच ५०० मेगावॅटचे युनिट ४५० च्या. ६०० आणि ४५० हे आकडे बहुतेक बॉयलरमध्ये नुसत्या ज्वलनाच्या शिस्तीने गाठता येतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. १०० मात्र बर्नर आणि हवेच्या खेळाने गाठता येत नाही.

नॉक्स कुठून येतो

हवेतला नायट्रोजन १५०० अंश सेल्सिअसच्या वरच्या ज्वालेत ऑक्सिजनशी जुळतो, तो थर्मल नॉक्स. कोळशातच वजनाने साधारण १ ते दीड टक्का नायट्रोजन असतो. तो जळताना होतो तो फ्युएल नॉक्स. पल्व्हराइज्ड कोळशाच्या बॉयलरमध्ये मोठा वाटा या दुसऱ्याचाच असतो, बहुतेकदा ७० टक्क्यांच्या पुढे. म्हणून फक्त भट्टीचे तापमान उतरवून फारसे साधत नाही. कोळशाचा कण बर्नरमधून बाहेर पडल्यावर पहिल्या काही मिलिसेकंदांत त्यातले वायू सुटतात आणि नायट्रोजनचे संयुगही त्यांच्याबरोबर बाहेर येते. त्या क्षणी आजूबाजूला ऑक्सिजन भरपूर असला तर नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. ऑक्सिजन तुटपुंजा असला तर तोच नायट्रोजन निरुपद्रवी वायू होऊन निघून जातो. पुढे जे काही करायचे ते एवढ्यासाठीच: ज्वालेच्या मुळाशी हवा कमी आणि वर, उशिरा, पुरेशी हवा.

आधी आकडा खरा आहे का ते पाहा

चिमणीवरचा अ‍ॅनालायझर पीपीएममध्ये नायट्रिक ऑक्साइड दाखवतो. कायदा मागतो नायट्रोजन डायऑक्साइडच्या हिशेबाने मिलिग्रॅम, कोरड्या वायूत, ६ टक्के ऑक्सिजनवर. या रूपांतरात निम्मी गडबड होते.

समजा रीडिंग २०० पीपीएम आहे आणि चिमणीत ऑक्सिजन ७.५ टक्के आहे. नॉक्समध्ये साधारण ५ टक्के वाटा डायऑक्साइडचा असतो, तो यंत्र मोजत नसेल तर २०० ला ०.९५ ने भागा: २१०.५ पीपीएम. आता १.८८ ने गुणा, कारण आपल्याकडच्या चिमणी-मोजणीत २५ अंश सेल्सिअसचा आधार धरतात. झाले ३९६ मिलिग्रॅम. मग ऑक्सिजनची दुरुस्ती: २१ वजा ६ म्हणजे १५, भागिले २१ वजा ७.५ म्हणजे १३.५. गुणक १.११. उत्तर ४४०. हेच गणित शून्य अंशाच्या आधाराने, म्हणजे २.०५ ने गुणून केले तर ४८० येते. एकच वायू, एकच रीडिंग, पण ४५० च्या एकदा अलीकडे आणि एकदा पलीकडे. तुमच्या अ‍ॅनालायझरमध्ये कोणता गुणक भरला आहे हे सप्लायरच्या माणसाला विचारून भागत नाही. कॉन्फिगरेशनचे पान स्वतः उघडून बघा. काही ठिकाणी नायट्रिक ऑक्साइडचाच गुणक, १.२३, भरलेला असतो. मग आकडा सुंदर दिसतो आणि खोटा असतो.

सॅम्पल लाइन तापलेली आहे का तेही तपासा. हीट ट्रेसिंग बंद पडले की पाणी साचते, नायट्रोजन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि रीडिंग खाली येते. आकडा अचानक उतरला तर खूश होण्याआधी लाइनचे तापमान पाहावे.

भट्टीच्या ऑक्सिजनचीही तीच कथा. इकॉनॉमायझरच्या (बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या भागाच्या) बाहेर डक्टमध्ये ऑक्सिजन मोजणारे दोन-तीन झिर्कोनिया प्रोब असतात. रुंद डक्टमध्ये डावीकडे २ टक्के आणि उजवीकडे ५ टक्के असू शकतो आणि प्रोब मात्र मधला एखादा बिंदू दाखवतो. ट्यूनिंगच्या आधी डक्टमध्ये प्रत्येक बाजूला किमान १२ बिंदूंची ग्रिड घेऊन पोर्टेबल अ‍ॅनालायझरने ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि नॉक्स तिन्ही मोजा. प्रोब ग्रिडच्या सरासरीपेक्षा अर्ध्या टक्क्याहून जास्त चुकत असेल तर आधी तो कॅलिब्रेट करा किंवा त्याची जागा बदला.

आणखी एक गोष्ट, जी फार वेळा सुटते: गळतीची हवा. बॉटम अ‍ॅश हॉपरच्या सील ट्रफमधले पाणी उतरले, पेंटहाउसचे पत्रे उसवले, मॅनहोलची दोरी गेली की बाहेरची हवा आत ओढली जाते. ती बर्नरपाशी पोचत नाही, पण प्रोबपाशी पोचते. मग मीटर ४ टक्के दाखवतो आणि बर्नरच्या पट्ट्यात प्रत्यक्षात हवा अपुरी असते. भट्टीतून वायू बाहेर पडतो त्या तोंडाशी आणि इकॉनॉमायझरच्या बाहेर अशा दोन जागी ऑक्सिजन मोजा. फरक १ टक्क्याच्या वर असेल तर ट्यूनिंग थांबवून आधी गळती बुजवा. नाहीतर पुढचे सगळे प्रयोग चुकीच्या पायावर उभे राहतात.

मिल

नॉक्सचा विषय निघाला की मिलकडे कोणी बघत नाही, आणि खरे काम तिथेच असते. हवा थरांत द्यायची म्हटली की कोळशाला जळायला वेळ कमी मिळतो, म्हणून कोळसा बारीकच हवा. २०० मेशच्या चाळणीतून किमान ७० टक्के गेला पाहिजे आणि ५० मेशवर १ टक्क्याहून जास्त राहता कामा नये. यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. जाड कण ज्वालेतून न जळता वर जातो आणि राखेत कार्बन म्हणून सापडतो. ७० चा आकडा बरोबर आला पण ५० मेशवर ३ टक्के राहिला तर क्लासिफायरच्या (जाड कण मिलमध्ये परत पाठवणाऱ्या भागाच्या) पात्या झिजल्या आहेत, त्यांचे कोन एकमेकांशी जुळत नाहीत किंवा आतला शंकू फुटला आहे, असे समजावे. नमुना आयसोकायनेटिक पद्धतीने (पाइपमधल्या प्रवाहाच्याच वेगाने ओढून), मिलपासून बर्नरकडे जाणाऱ्या प्रत्येक पाइपमधून वेगळा घ्यावा. एकाच पाइपचा नमुना मिलचा म्हणून लिहू नये.

पाइपांमधला समतोल त्यानंतर. मिल थंड असताना क्लीन एअर टेस्टमध्ये, म्हणजे कोळशाशिवाय नुसती हवा सोडून, चारही पाइपांचा वेग सरासरीच्या ५ टक्क्यांच्या आत हवा. कोळसा चालू असताना कोळशाचे वाटप १० टक्क्यांच्या आत. एका कोपऱ्यात कोळसा जास्त आणि हवा सगळीकडे सारखी असेल, तर त्या कोपऱ्यात मोनॉक्साइड आणि समोरच्या कोपऱ्यात नॉक्स, दोन्ही एकाच वेळी वाढतात. असे युनिट डेस्कवरून कोणीही ट्यून करू शकत नाही. पाइपमधले ऑरिफिस तपासा, आपल्या राखाळ कोळशाने त्यांच्या कडा खाल्लेल्या असतात.

प्रायमरी एअर, म्हणजे मिलमधून कोळसा वाहून नेणारी हवा, गरजेपेक्षा जास्त घेण्याची सवय जुनी आहे, कारण त्याने मिल गुदमरत नाही. पण हीच हवा कोळशाबरोबर ज्वालेच्या मुळाशी जाते, नेमकी जिथे ती नको असते. शिवाय वेग वाढल्याने ज्वाला नोझलपासून लांब पेटते आणि पेटण्याआधीच सेकंडरी एअर (बर्नरपाशी वेगळी दिलेली हवा) तिच्यात मिसळते. म्हणून एक किलो कोळशाला १.८ ते २ किलो प्रायमरी एअरच्या आसपास राहा. पाइपमधला वेग मात्र सेकंदाला १८ मीटरच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर कोळसा पाइपात बसतो आणि तिथेच पेटतो.

हवेचे वाटप

टँजेन्शियल, म्हणजे कोपऱ्यांतून कोळसा जाळणाऱ्या, बॉयलरमध्ये चारही कोपऱ्यांच्या विंडबॉक्समध्ये (हवेच्या पेटीत) कोळशाचे आणि हवेचे थर एकावर एक असतात. प्रत्येक थराला डँपर (हवेची झडप) असतो आणि डेस्कवर त्याची टक्केवारी दिसते. ती टक्केवारी डँपर हलवणाऱ्या पॉवर सिलिंडरची असते, पातीची नव्हे. लिंकेजची पिन तुटलेली, शाफ्ट पातीवर घसरलेला, राखेने पाती अडकलेली: या सगळ्यांत स्क्रीनवर ६० टक्केच दिसते. शटडाउनमध्ये एक माणूस विंडबॉक्सजवळ आणि एक डेस्कवर, वॉकीटॉकीवर बोलत, प्रत्येक डँपर ०, ५० आणि १०० वर हलवून बघा. शाफ्टच्या टोकाला कापलेली खाच पातीची दिशा दाखवते. ती खाच आणि स्क्रीन जुळली पाहिजे. कंटाळवाणे काम आहे, पण यात एखादा दिवस घातला की नंतरचे कितीतरी दिवस वाचतात.

डँपर ठीक झाल्यावर मग खेळ सुरू होतो. युनिट ८० टक्क्यांच्या वरच्या स्थिर लोडवर ठेवा, कोळशाचे मिश्रण दिवसभर तेच ठेवा, सूट ब्लोइंग (नळ्यांवरची राख उडवणे) आधी उरकून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर किमान ४५ मिनिटे थांबून ग्रिड घ्या.

पहिला बदल मिलचा. लोड पाच मिलवर निघत असेल तर सगळ्यात वरची मिल काढून ठेवा आणि तिच्या थराचा हवेचा डँपर २० ते ३० टक्के उघडा ठेवा. ती हवा आपोआप ओव्हरफायर एअरचे काम करते आणि खर्च शून्य. मधली मिल बंद आणि वरची चालू अशी रचना नॉक्सला सगळ्यात वाईट. पण मेंटेनन्सच्या सोयीने तीच बऱ्याचदा दिसते.

दुसरा बदल फ्युएल एअरचा. कोळशाच्या नोझलभोवतीची ही हवा थोडी थोडी कमी-जास्त करत पीपहोलमधून ज्वाला बघा. ज्वाला नोझलच्या जवळ धरली पाहिजे, पण चिकटता कामा नये. चिकटली तर नोझलची टिप लाल होते, वाकते आणि कोक धरते.

तिसरा बदल ओव्हरफायर एअरचा. ती असेल तर एकूण हवेच्या ५ टक्क्यांपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने १५ ते २० टक्क्यांपर्यंत न्या. हेतू हा की बर्नरच्या पट्ट्यात लागणाऱ्या हवेच्या ०.९ पटीच्या आसपासच हवा राहावी. नॉक्स प्रत्येक टप्प्याला उतरत जाईल. कुठे थांबायचे ते मोनॉक्साइड सांगतो: ग्रिडची सरासरी १०० पीपीएमच्या वर किंवा कुठलाही एक बिंदू २०० च्या वर गेला की एक पायरी मागे या. विंडबॉक्सचा दाब मात्र धरून ठेवा. वरून हवा काढली आणि खालचे डँपर तसेच उघडे ठेवले तर दाब पडतो आणि वरची हवा भट्टीच्या मध्यापर्यंत घुसतच नाही.

एकूण ऑक्सिजन कमी करायची वेळ आता, सगळ्यात शेवटी येते. हळूहळू, म्हणजे ०.२ ते ०.३ टक्क्यांच्या पायऱ्यांनी उतरा. बहुतेक युनिटे पूर्ण लोडवर ३ ते ३.५ टक्क्यांवर नीट चालतात.

काय बिघडते

ऑक्सिजन कमी असलेल्या वातावरणात राखेतले लोह वेगळ्या रूपात राहते आणि राख कमी तापमानाला वितळते. म्हणून बर्नर ते ओव्हरफायर पोर्ट या पट्ट्यात क्लिंकर वाढतो. वॉल ब्लोअरचे वेळापत्रक ट्रायलबरोबरच बदला, क्लिंकर पडायला लागल्यावर नव्हे. याच पट्ट्यात गंधकामुळे ट्यूबची बाहेरून झीज होते. ट्रायलच्या आधीच्या ओव्हरहॉलमध्ये अल्ट्रासॉनिक जाडीची ग्रिड घेऊन ठेवली नसेल तर नंतर झीज कशाने झाली हे सांगता येणार नाही.

भट्टीतला आगीचा गोळा, फायरबॉल, वर सरकल्याने रीहीटरचे (वाफ पुन्हा तापवणाऱ्या नळ्यांचे) तापमान चढते. ते बर्नर टिल्ट (बर्नरचा कल) खाली करून आवरा. रीहीटर स्प्रेने आवरले तर हीट रेटचे नुकसान होते, म्हणजे तेवढ्याच विजेला जास्त उष्णता लागते. राखेतला कार्बन रोज बघा. सिमेंटसाठीच्या फ्लाय अ‍ॅशला मानकाने ५ टक्क्यांपर्यंत एलओआय (जाळल्यावर होणारी वजनातली घट) चालतो, पण आपली राख एरवी त्याच्या बरीच खाली असते. अर्ध्या टक्क्याची वाढसुद्धा मिलकडे बोट दाखवते.

कमी लोडवरचा आकडा अनेकांना चकवतो. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा युनिट ५५ टक्क्यांवर उतरवतात. हवेची किमान मर्यादा तीच राहते, म्हणून ऑक्सिजन ६ टक्क्यांपर्यंत जातो आणि लोड कमी असूनही नॉक्सचा आकडा चढतो. लोडनुसार ऑक्सिजनचा कर्व्ह ५५, ७०, ८५ आणि १०० टक्के अशा चार ठिकाणी वेगळा ट्यून करा.

युरिया

वरचे सगळे करूनही ४५० च्या खाली टिकत नसेल तर युरियाचे द्रावण भट्टीत ८५० ते ११०० अंशांच्या पट्ट्यात फवारतात. त्याच्या वर अमोनिया जळून उलट नॉक्सच होतो, खाली तो न लागता पुढे निसटतो. लोड बदलला की हा पट्टा भट्टीत वर-खाली सरकतो, म्हणून फवाऱ्याच्या किमान दोन पातळ्या हव्यात. मोठ्या बॉयलरमध्ये २५ ते ३० टक्के घट धरावी, त्याहून मोठे आश्वासन कोणी दिले तर लोड-स्विंगवरचे आकडे मागा.

प्रमाण असे काढतात. २१० मेगावॅटच्या युनिटमधून ताशी सुमारे ८.५ लाख घनमीटर वायू निघतो. ४५० मिलिग्रॅमने ताशी ३८२ किलो नॉक्स. दोन रेणू नॉक्सला एक रेणू युरिया, म्हणजे ३८२ गुणिले ६० भागिले ९२: ताशी सुमारे २५० किलो, दिवसाला ६ टन. हा टेक्निकल ग्रेड युरियाच हवा. शेतीचा निंबोळी लेपित युरिया उद्योगात वापरणे बेकायदा आहे आणि तो लेप नोझलही बुजवतो. पाणी डीएम (क्षार काढलेले) घ्या, नाहीतर फवाऱ्याच्या लान्समध्ये क्षार बसतात. साठवण ४० टक्क्यांची ठेवा. ५० टक्क्यांचे द्रावण १८ अंशांच्या आसपास खडे धरू लागते आणि नागपुरात डिसेंबर-जानेवारीची रात्र सहज १० अंशांपर्यंत उतरते.

निसटलेला अमोनिया ५ पीपीएमच्या आत ठेवा. तो गंधकाच्या संयुगाशी जुळून एअर प्रीहीटरच्या (हवा तापवणाऱ्या यंत्राच्या) बास्केटमध्ये चिकट थर धरतो. त्याचे डिफरेन्शियल प्रेशर (दोन बाजूंतला दाबाचा फरक) चढू लागले की आधी युरियाचा डोस तपासा. राखेला अमोनियाचा वास लागला तर वीटवाले आणि सिमेंटवाले गाड्या परत पाठवतात.

१०० च्या मर्यादेसाठी कॅटॅलिस्टवर अमोनियाने नॉक्स तोडणारी एससीआर यंत्रणा लागते: इकॉनॉमायझर आणि एअर प्रीहीटर यांच्यामध्ये, ३०० ते ४०० अंशांत. वेकोलिसारख्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) ३५ ते ४० टक्के राखेच्या कोळशावर तिथल्या वायूत घनमीटरला ४० ते ५० ग्रॅम राख असते. त्यामुळे कॅटॅलिस्टचे छिद्र रुंद, पुढची कड कडक केलेली आणि वायूचा वेग कमी, या तीन अटी टेंडरमध्येच घाला. आयडी फॅनला (वायू चिमणीकडे ओढणाऱ्या पंख्याला) वाढीव दाब पेलेल का, हे मे महिन्याच्या तापमानावर तपासा.

नागपूरचे ऋतू

मे महिन्यात ४५ अंशांची हवा जानेवारीतल्या पहाटेच्या १२ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते. एफडी फॅनच्या (भट्टीला हवा देणाऱ्या पंख्याच्या) फ्लो मीटरला तापमानाची दुरुस्ती नसेल तर हिवाळ्यात लावलेली सेटिंग उन्हाळ्यात हवा कमी देते, मोनॉक्साइड चढतो आणि ऑपरेटर घाबरून सगळे डँपर उघडतो. दुरुस्ती लॉजिकमध्ये आहे का ते मार्चमध्येच बघून घ्या.

पावसाळ्यात ओला कोळसा येतो, मिल आउटलेटचे तापमान ६० च्या खाली घसरते आणि प्रायमरी एअर वाढवावी लागते. त्या काळात नॉक्स चढणारच. तेव्हा ओव्हरफायर एअर न वाढवता शक्य तितका कोरडा साठा खालच्या मिलच्या बंकरमध्ये भरा आणि ओला वरच्या. जूनच्या आधी शेडखाली थोडा साठा राखून ठेवला असेल तर हे जमते.

ट्रायल संपली की नवे कर्व्ह डीसीएसमध्ये (संगणकीय नियंत्रण प्रणालीत) घालून घ्या आणि ऑपरेटरने दिलेले बायस (हाताने केलेले कमी-जास्त) शून्य करा. कर्व्ह बदलला नाही तर पुढच्या शिफ्टमध्ये ऑटो लागताच डँपर जुन्या जागी जातात. ज्या मिलचे ओव्हरहॉल झाले, तिची डर्टी एअर टेस्ट (कोळसा चालू ठेवून पाइपांतल्या वेगाची चाचणी) आणि फाइननेस (कोळशाचा बारीकपणा) पुन्हा घेतल्याशिवाय ती मिल खालच्या थरात लावू नका.